ड्रॅगनचा पंख मे महिन्यात का झुकला?

मागच्या अंकात रेझिनच्या मोठ्या मॉडेल किटांबद्दल, म्हणजे सुटे भाग जोडून रंगवायच्या मूर्तींबद्दल, सहज चार ओळी लिहिल्या, तर या खेपेच्या टपालात निम्मी पत्रं ड्रॅगन आणि राक्षसांचीच. सुतारकाम, कुंड्या, जुन्या खुर्चीची वेताची बैठक असं नेहमीचं सगळं म्हणून पुढच्या महिन्यावर ढकललं आहे. ज्यांनी पिंजऱ्याच्या कपाटाला पॉलिश कसं करायचं ते विचारलं, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : काका, मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. जानेवारीत रेझिनचं ड्रॅगनचं किट घेतलं. चौदा भाग, दोन्ही पंख पसरल्यावर ६५ सेंटीमीटर. सुपरग्लूने जोडलं, रंगवलं आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं. मार्चपर्यंत एकदम झकास होतं. मे लागला तसा डावा पंख खाली यायला लागला. आता टोक फळीला टेकलं आहे आणि मुळाशी केसाएवढी भेग दिसते. मला खराब माल मिळाला का?

उत्तर : माल खराब नाही. तुमचा हॉल नागपुरात आहे, एवढंच.

ही किटं बहुतेक पॉलियुरेथेन रेझिनची असतात. दोन पातळ द्रव एकत्र केले की काही मिनिटांत घट्ट होतात. ते मिश्रण सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. हातात घेतलं तर दगडासारखं लागतं, पण ऊब लागली की नरम पडतं. ६०-७० अंशांच्या पाण्यात पातळ भाग मिनिटभर धरा, चपातीसारखा वाकतो. वाकडा आलेला भाग सरळ करायला आम्ही हीच युक्ती वापरतो. तुमच्या फळीवर ७० अंश नव्हते हे मान्य. पण बाहेर ४५, खालून टीव्हीची ऊब, आणि त्या अख्ख्या पंखाचं वजन रात्रंदिवस एका बोटभर जागेवर लटकलेलं. असं वजन आणि अशी ऊब एकत्र आली की रेझिन रोज सुतासुताने खाली येतं. सुपरग्लूचं म्हणाल, तर तो सरळ ओढ चांगली सोसतो, पण ठिसूळ असतो. सांधा एका कडेने उघडायला लागला की तो काचेसारखा तडकतो. तुमची भेग तीच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं पहिलं मोठं किट असंच गेलं. महाल भागातल्या आमच्या घरी वरच्या खोलीवर पत्रा आहे, आणि तिथल्या लाकडी कपाटावर माझा ड्रॅगन ऐटीत बसला होता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी वीज गेली ती रात्री आली. पहाटे धप्प आवाज झाला. पंख सुटला होता, आणि सुटला तो थेट खाली उघड्या राहिलेल्या कणकेच्या डब्यात. बायको म्हणाली, "पडला ना तुमचा अजगर पिठात, आता तळून देऊ का?" त्या दिवसापासून माझ्या एकाही पंखाला नुसता डिंक लागलेला नाही.

मी पोरवयात चितार ओळीत, आमच्या नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत, एका मूर्तिकाराच्या हाताखाली होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे मारबतींचे मोठाले पुतळे तुम्ही पाहिलेच असतील. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. एवढी उंच बाई, हात फैलावलेली, गर्दीतून हिंदकळत जाते आणि हात खाली येत नाहीत. का? कागद आणि कापड वजन घेतच नाही, आतला बांबू घेतो. तुमच्या ड्रॅगनला आत बांबू नाही. तो घालायचा.

आधी पंख काढा. ओढाताण करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मॉडेल दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. मावत नसेल तर सांध्याभोवती बर्फाची पिशवी गुंडाळा. गारठ्याने सुपरग्लू आणखी ठिसूळ होतो आणि हलका पीळ दिला की टक्‌ करून सुटतो. मग पंख गरम पाण्यात धरून हवा तेवढा उचला, हवा त्यापेक्षा बोटभर जास्तच, आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. मुळाशी रंग थोडा उडेल, उडू द्या. तिथे नाहीतरी परत रंगवायचं आहे.

आता तार. पितळी सळी मिळाली तर उत्तम. नाहीतर सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुने स्पोक मागून आणा, कोणी पैसेही घेत नाही. स्पोक साधारण २ मिलिमीटर जाड असतो, आपल्याला तेवढाच हवा. पंखाच्या मुळात दोन भोकं पाडा. एकच तार घातली तर पंख तिच्याभोवती फिरतो, म्हणून दोन. भोक तारेपेक्षा किंचित सैल असू द्या, चिकटवायचा पदार्थ आत जायला वाव पाहिजे. अंगाच्या बाजूला रेझिन जाड असतं, तिथे निदान १५ मिलिमीटर खोल जा. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल वापरा. विजेचं ड्रिल तापून रेझिन नरम करतं आणि त्यातच अडकून बसतं.

समोरासमोरची भोकं जुळवणं ही यातली खरी डोकेदुखी, आणि लोक तिथेच चुकतात. माझी रीत अशी: पंखात तारा घालून त्या जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर ठेवायच्या. टोकांना ओला शेंदूर लावायचा. पंख अंगावर जिथे बसायला हवा तिथे एकदाच दाबायचा, हलवायचा नाही. अंगावर दोन शेंदरी ठिपके उमटतात. ठिपक्याच्या मधोमध सुईने खूण करायची आणि मग ड्रिल लावायचं. खूण न करता ड्रिल टेकवलंत तर पहिल्याच फेऱ्यात पातं घसरून अर्ध्या मिलिमीटरवर जातं, आणि मग पंख कधीच नीट बसत नाही.

चिकटवायला दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या, आणि त्यातही पाच मिनिटांवालं नको, रात्रभर घेणारं घ्या. दोन्ही तोंडं वॉटर पेपरने खरखरीत करा. पंखाखाली वाट्या, पुस्तकं, जे सापडेल त्याचा टेकू लावा आणि २४ तास हात लावू नका. भेगेत इपॉक्सी पुटीची लांबी भरा, ओल्या बोटाने सपाट करा, वाळल्यावर वॉटर पेपर पाणी लावून घासा.

आणि फळी बदला. टीव्हीच्या वर नको, पश्चिमेच्या खिडकीजवळ तर मुळीच नको.

प्रश्न : सर, मी शाळेत चित्रकला शिकवते, धरमपेठेत राहते. भावाने वाढदिवसाला एक भलामोठा सरपटणारा राक्षस दिला, नाकापासून शेपटीपर्यंत ५० सेंटीमीटर. खऱ्या प्राण्यासारखा दिसावा म्हणून पाठ गडद हिरवी, पोट फिकट पिवळसर ठेवलं. रंग एकदम सफाईने लावला आहे. पण शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली तो सपाट दिसतो, रबरी खेळण्यासारखा. माझे विद्यार्थी हसतात. चुकलं कुठे?

उत्तर : ताई, तुम्ही निसर्गाचं बरोबर अनुकरण केलंत, म्हणूनच चुकलं.

कंपाउंडच्या भिंतीवरचा सरडा सकाळी जवळून बघा. पाठ गडद, पोट फिकं. ऊन वरून पडतं, त्याने पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. गडद पाठ उजळली, फिकं पोट काळवंडलं, दोन्ही एकाच पट्टीवर आले. सरड्याचा गोलपणा नाहीसा होतो आणि घारीला तो भिंतीचाच तुकडा वाटतो. अ‍ॅबट थेयर नावाच्या अमेरिकी चित्रकाराने १८९६ साली हे लिहून मांडलं. शोध लावला चित्रकाराने, हे तुम्हाला वर्गात सांगायला आवडेल. तर सरड्याला लपायचं असतं. तुमच्या राक्षसाला शोकेसमध्ये दिसायचं आहे. ट्यूबलाइट वरून, पाठ गडद, पोट फिकं, म्हणजे तुम्ही त्याला चोख लपवलंत.

पण पाठ फिकी आणि पोट काळं करा असं मी म्हणणार नाही, ते विचित्र दिसेल. रंग राहू द्या तेच, उजेड वेगळा रंगवायचा. मुलांना मडक्याचं शेडिंग शिकवता ना, ते शेडिंग आता मडक्यावरच करायचं.

पुढच्या किटला (या राक्षसाला परत अस्तर मारायची तयारी असेल तर यालाही) आधी काळं अस्तर मारा. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा फवारा फक्त वरून, डोक्यावरून ऊन पडावं तसा, दोन हलके हात. आता मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा. कुठे उजेड, कुठे अंधार, याचा नकाशा तुमच्या हातात आला. त्यावर रंग पातळ करून लावा, नकाशा खालून झिरपला पाहिजे. हिरवा हिरवाच राहील, पण प्रत्येक घडीचा वरचा भाग उजळ आणि खालचा गडद दिसेल. पोटाचा पिवळसर रंग ठेवा, फक्त त्याच्या तळाला, जिथे तो जमिनीकडे वळतो तिथे, जांभळट तपकिरी रंगाचे पाण्यासारखे पातळ थर द्या. तीन थर द्या, घाई करून एकच जाड नको.

मोठ्या अंगावर आणखी एक भानगड असते. लहान मूर्तीला एक हिरवा पुरतो, ५० सेंटीमीटरच्या अंगाला पुरत नाही, तो भिंतीला दिलेल्या ऑइलपेंटसारखा दिसतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्या (कापू नका, कापलेल्याची कडा उमटते), जवळजवळ सुका ठेवा आणि दोन-तीन जवळच्या छटा ठिकठिकाणी टेकवत जा. शेवाळी, मातकट, कुठे थोडी निळी. खवल्यांच्या टोकांना सुक्या ब्रशचा हलका हात चालतो, पण गुळगुळीत मांडीवर सुका ब्रश फिरवलात तर खडूची पूड सांडल्यासारखं दिसेल.

आणि तो रबरीपणा! तुमच्या पत्रात लिहिलं नाही, पण वरून चकचकीत वॉर्निश मारलं आहे, हो ना? सगळ्या अंगाला मॅट मारा. चकाकी ठेवायची फक्त डोळे, नाकपुड्या आणि तोंडाच्या आत. ओलं जिथे असतं तिथेच.

डोळ्यांबद्दल थोडं. चितार ओळीत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती मुख्य मूर्तिकारच करतो, हाताखालच्या पोऱ्याने तो ब्रश उचलायचासुद्धा नाही. मी किटवरही आखणी शेवटीच करतो. सवय म्हणा. उभी बाहुली असलेला डोळा काढताना दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघत आहेत ना, एवढं तपासा. समोर बोट धरा आणि त्याच्या दोन्ही बाहुल्या बोटाकडे वळल्या आहेत का बघा. एक बोटाकडे आणि दुसरी रस्त्याकडे बघत असली, तर बाकी शेडिंग कितीही झालेलं असो, मुलं हसणारच.

प्रश्न : सर, मास्किंग टेप काढली की तिच्याबरोबर अस्तरासकट रंग सालीसारखा निघून येतो. शिवाय मागच्या पावसाळ्यात मारलेलं अस्तर पांढुरकं पडलं होतं. दोन्हींचं कारण एकच का? — मानेवाडा

उत्तर : दोन वेगळी कारणं.

साल निघते कारण भाग धुतले नाहीत. साच्यातून रेझिन सुटावं म्हणून आत तेलकट पदार्थ मारलेला असतो, तो भागांवर राहतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि मग रात्रभर वाळवण. नक्षीच्या खाचांत ब्रश नीट फिरवा. नवीन किट हातात आल्यावर पहिलं काम हेच, कानस आणि ड्रिल त्यानंतर.

पांढुरकेपणा दमट हवेचा. स्प्रेमधला पातळ पदार्थ भरभर उडताना पृष्ठभाग गार करतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि थरात अडकतो. जुलैत झड लागलेली असताना स्प्रे हातात घेऊच नका. उघडीप मिळाली की दुपारी मारा. आणि मे महिन्यात याच्या उलट होतं: फवारा अंगावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि रव्यासारखा खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी सात-साडेसातला, थोडं जवळून, पातळ हात. कूलरसमोर बसून मारायचा मोह होतो, मीही केलेला आहे. वाळ्याची कुसळं आणि ओलावा दोन्ही एकाच वेळी रंगात जातात.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला वाढदिवसाला असं किट देऊ का? ओळखीचा एक मुलगा ३डी प्रिंट काढून स्वस्तात देतो म्हणतो. — एक आई, प्रतापनगर

उत्तर : रंगवायला जरूर द्या. कापणं, घासणं आणि चिकटवणं तुम्ही करा. रेझिनची धूळ फुप्फुसांना चांगली नाही. ओलं घासायचं, आणि कोरडं घासायची वेळ आलीच तर एन-९५ मास्क लावून, तेही घराबाहेर. सुपरग्लूने बोटं चिकटतात हे तिला कळायला उशीर लागणार नाही.

प्रिंटचं रेझिन निराळं असतं, ते प्रकाशाने घट्ट होतं. त्या मुलाकडून घेताना हात फिरवून बघा. कुठेही चिकट लागलं तर ते नीट धुतलेलं आणि पक्कं झालेलं नाही, आणि असं कच्चं रेझिन त्वचेला बाधतं. पोकळ प्रिंट असेल तर आतलं रेझिन काढायला भोक ठेवलं आहे का, हे विचारा. आत राहिलेलं कच्चं रेझिन महिन्यांनी तडा पाडून बाहेर झिरपतं. त्याला उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी किटं परदेशी ड्रॅगनांची. आपल्याकडे सिंहासारखा काल्पनिक प्राणी शरभ आहे, दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड आहे, त्यांचं किट कोणी का काढत नाही? मीच करू का? माझा एक मित्र म्हणतो, आधी बाहेरचं एखादं किट घेऊन त्याचाच साचा पाड, म्हणजे हात बसेल.

उत्तर : कर ना! ही किटं निघालीच अशी. १९८०च्या दशकात जपानात हौशी पोट्टे घरच्या घरी मूर्ती घडवून, साचा पाडून, रेझिन ओतून विकायला लागले, म्हणून त्यांना गॅरेज किट म्हणतात. चिबा शहरातल्या माकुहारी मेस्सेमध्ये यांची वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरते, आणि दुसऱ्याचं पात्र घडवलं असेल तर मूळ हक्कदाराकडून त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी घ्यावी लागते. तुझ्या मित्राला हे वाचून दाखव. दुसऱ्याच्या किटाचा साचा पाडणं म्हणजे ज्याने चार महिने घडवलं त्याच्या खिशात हात घालणं. हात बसवायचा तर स्वतःच्या ओबडधोबड कामावर बसव.

पहिला शरभ मुठीएवढा कर. सिलिकॉन महाग आहे, आणि पहिल्या साच्यात बुडबुडे येणारच. पंख, शिंगं, शेपटी वेगळी ओत, एकसंध मूर्ती साच्यातून सुटत नाही. कुठे तुकडे पाडायचे हे घडवतानाच ठरव आणि सांधा खवल्यांच्या ओळीत नाहीतर आयाळीत लपव.

नमुन्यासाठी लांब जायला नको. चिखलदऱ्याला गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं. समोरून फोटो काढशील तसे दोन्ही बाजूंनीही काढ. मग लक्षात येईल की तो भिंतीला चिकटलेला आहे, त्याला पाठ नाहीच. पाठ, शेपटीचं मूळ, पंख कुठून फुटतात, हे सगळं तुला ठरवायचं आहे. पंखांची मुळं जाड ठेव, तारा घालायला जागा लागेल.